सास्तूरला गाळलेलं वाक्य

दोन वर्षांपूर्वी येळवशीच्या सणाला मी दोन परदेशी विद्यार्थ्यांना घेऊन हैदराबादहून सास्तूरला गेलो होतो. त्या प्रवासाची हकीगत पुढं एका दिवाळी अंकात छापून आली. लोकांना ती आवडली. लोहाऱ्याच्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांनी फोन केले, एकानं तर वाचताना डोळे भरून आले असं सांगितलं.

त्या लेखातली शेतं खरी आहेत, जेवण खरं आहे, वाटेतल्या गमती खऱ्या आहेत. पण त्यातलं एक वाक्य खोटं आहे, आणि एक वाक्य मी जाणूनबुजून गाळलं. त्यामुळं सास्तूरच्या एका घरात बाप आणि मुलगी यांच्यामध्ये एक प्रश्न अडकून राहिला, ज्याचं उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्या मुलीचे, मंगलचे, वडील माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. फार थांबण्यासारखं वय दोघांचंही नाही. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे.

हैदराबाद

मी लोहारा तालुक्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बायको गेल्यावर मुलानं हैदराबादला आणलं. त्याच्या घरासमोर एक बाग आहे. सकाळी नाश्ता झाला की मी इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन तिथल्या बाकावर बसायचो. एक दिवस एक मुलगी आणि एक उंच, सडपातळ माणूस समोर येऊन उभे राहिले. त्यांना त्यांच्या शिक्षकांनी काम दिलं होतं, की रोज एका अनोळखी माणसाशी पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलायचं. माझ्या हातातला पेपर बघून त्यांनी मला निवडलं होतं.

मुलगी मंगोलियाची. ओयुना तिचं नाव, वय चोवीस, घरी मेंढरं आणि घोडे. माणूस इथिओपियाचा, तेस्फाये, तिशीतला, गावच्या सरकारी कचेरीत नोकरीला. दोघंही सहा महिन्यांसाठी इंग्रजी शिकायला हैदराबादला आलेले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी घाम त्यांना नाही, मला फुटला. एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं ते फळ्यावर. कविता पाठ करून घेतल्या, गाइडमधली उत्तरं उतरवून घेतली, लाल पेनानं वह्या रंगवल्या. सलग पंधरा मिनिटं कुणाशी इंग्रजीत बोललो असेन असा एकही दिवस मला आठवत नव्हता.

ती दोघं मात्र बिनधास्त बोलायची. शब्द नाही मिळाला तर हातांनी दाखवायची, तेही जमलं नाही तर पेपरच्या कोऱ्या कडेला चित्र काढायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तेस्फाये सांगत होता की काल रात्री वसतिगृहात फार थंडी वाजली. मी सवयीनं त्याचं वाक्य दुरुस्त करून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "सर, मला थंडी वाजली हे तुम्हाला कळलं का?"

"कळलं."

"मग पांघरूण द्या. व्याकरण काय अंगावर घेऊ?"

ओयुना इतकी हसली की बाकावरचे दोन म्हातारे उठून दुसरीकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी घरून सोलापुरी चादर आणली. मैत्री झाली ती तिथं. पंधरा मिनिटांचे दोन तास कधी झाले कळलंच नाही. ती सकाळ आजही आठवली की मला त्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं. आता तिथं माझ्या वयाची माणसं बसतात आणि गुडघ्यांविषयी बोलतात.

डिसेंबरात त्यांना सुट्टी लागली. माझं गाव बघायचं म्हणून दोघं मागं लागली. येळवस तोंडावर आली होती. मी म्हटलं, चला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडं आणि खाली कर्नाटकच्या सीमेवर ती होते, पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊक नसते. त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायचीच, आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी दोन घास खाऊन उठायचं. हा रिवाज मी त्या दोघांना फार कौतुकानं समजावून सांगितला होता. तो माझ्यावरच लागू होईल हे डोक्यात आलं नाही.

उमरगा

उमरग्याला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. स्टँडजवळच्या एका अप्पांच्या हॉटेलात सुशीला खाल्ली. ओयुनाला वाटलं हे कुणा बाईचं नाव आहे. नाव आहेच, पण आमच्याकडं चुरमुरे भिजवून फोडणी दिली की तेही सुशीलाच. तिनं तीन प्लेटी खाल्ल्या.

गल्ल्यावरचे अप्पा गिऱ्हाइकांशी मराठीत बोलत होते, आतल्या बायकोशी कानडीत, ट्रकवाल्यांशी दखनीत, आणि एका ड्रायव्हरशी चक्क तेलुगूत. तेस्फायेनं माझ्यामार्फत विचारलं, किती शाळा शिकलात? अप्पा लाजले. म्हणाले, "शाळा कुठली सर. चौथी. इंग्रजी येत नाही बघा, तेवढंच राहिलं."

तेस्फाये पुढं अर्धा तास तेच बोलत होता. चार भाषा बोलणारा माणूस स्वतःला अडाणी समजतो, असं त्याच्याही देशात आहे, असं म्हणाला.

लोहाऱ्याहून माझा भाचा संजय जीप घेऊन आला होता. तो तहसिलात नोकरीला आहे. सास्तूरला त्याच्या मित्राच्या शेतात आमची येळवस ठरली होती.

उमरगा सुटलं आणि दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. त्या वर्षी पीक चांगलं होतं. माणूस बुडेल एवढी उंच, कणसं नुकती भरत आलेली. मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे, बांधाकडेनं करडई. तेस्फायेनं जीप थांबवायला सांगितली. उतरला, शेताच्या कडेला गेला, एक ताट वाकवून कणसाचा वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "मशिल्ला!" त्यांच्याकडं ज्वारीला मशिल्ला म्हणतात. आजवर त्याला वाटत होतं की हे पीक फक्त त्यांच्या डोंगरात होतं. त्यानं तिथूनच आईला व्हिडिओ फोन लावला. आईला काही केल्या पटेना की मुलगा भारतात आहे. ती म्हणत होती, तू परत आलायस आणि मामाच्या शेतात उभा राहून माझी थट्टा करतोयस.

ओयुना मात्र करडईच्या बांधावर टेकायला गेली आणि काटे टोचून उभीच राहिली. संजयनं तिला सांगितलं, की जमिनीवर बसायच्या आधी आमच्या मुलखात जमिनीला विचारावं लागतं.

सास्तूर

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव म्हणजे सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरं. त्या दिवशी घरांना कुलपं होती. एक म्हातारं कुत्रं तेवढं ओट्यावर झोपलेलं. शेतांकडून मात्र धूर आणि माणसांचे आवाज येत होते. आम्ही गाडीवाटेला लागलो. दर शे-दोनशे पावलांवर हाक येत होती आणि संजय हात हलवून, "येताना येतो" म्हणत पुढं जात होता.

मग डाव्या हाताच्या शेतातून एक बाई बांधावर आली आणि जीपच्या पुढ्यातच उभी राहिली.

"ओ सर, कुठं निघालात? येळवशीला वाटंवरनं तसंच गेलेलं चालतंय व्हय?"

मंगल होती. मी तिला तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. नोकरीत असताना मी या वाटेनं येणं टाळायचो. आता दोन परदेशी पाहुणे माझ्याकडं बघत होते, ज्यांना मी कालच सांगितलं होतं की हाक आली की नाही म्हणायचं नाही. आम्ही उतरलो.

मंगल कोण हे आता सांगायला हवं. लेखात मी फक्त 'माझी जुनी विद्यार्थिनी' एवढंच लिहिलं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी सास्तूरच्या शाळेत शिकवत होतो आणि ती नववीत होती. धनगराची मुलगी, वर्गात पहिल्या तिघींत. शाळेची इमारत पडली, पण महिन्याभरात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. हे नीट लक्षात ठेवा, शाळा बंद पडली नव्हती. गावात तेव्हा देशोदेशीची माणसं मदतीला आली होती. त्यांच्याशी बोलायला गावानं मला पुढं केलं, कारण मी इंग्रजीचा मास्तर. एक दिवस एक परदेशी नर्सबाई तंबूत जखमी बायकांना तपासत होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. पुन्हा विचारलं. मी नुसता उभा. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तेवढ्यात मंगल पुढं झाली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागली. समोरच्या आजीला कुठं दुखतंय, काय खाल्लं, रात्री झोप लागते की नाही. बाईंना सगळं कळलं. त्यांनी मंगलच्या पाठीवरून हात फिरवला. तंबूतलं कुणीतरी म्हणालं, "मास्तरपेक्षा मास्तरच्या वर्गातली पोरगी बरी की."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिला उभं केलं. काल काय काय बोललीस ते सांग म्हटलं. ती कौतुक होणार म्हणून आनंदानं सांगत गेली आणि मी एकेक वाक्य फळ्यावर लिहीत गेलो. सात वाक्यं झाली. मग मी खडूनं प्रत्येक चुकीखाली रेघ मारली आणि सगळ्या वर्गाकडून त्या मोजून घेतल्या. वर्ग हसला. मी हसू दिलं. ती खाली बसली नाही, दप्तर घेऊन निघून गेली. पुन्हा शाळेत आली नाही. ती त्या नर्सबाईंबरोबर औषधांची पेटी घेऊन तंबूतंबूत फिरायला लागली.

पंधरा दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पोरगी शाळेला का येत नाही, तिनं काय केलं, असं हात जोडून विचारत होते. फळ्याचं सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "बाहेरच्या लोकांत फार वावरते ती. वय वाईट आहे. लक्ष ठेवा."

एवढंच. त्या उन्हाळ्यात अण्णांनी तिचं लग्न लावून दिलं.

हे सगळं पोटात घेऊन मी तिच्या खोपीसमोर घोंगडीवर बसलो. तिनं ताटं वाढली. हिरव्या शेंगांची आणि पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदगीतून आंबील. ताकातली ती ज्वारीची आंबील ओयुनानं चाखली, डोळे मिटले आणि सगळा पेला संपवला. त्यांच्याकडं घोडीचं दूध आंबवतात, तीच चव, म्हणाली. पाचव्या पेल्याला मंगलनं तिचा हात धरला आणि इंग्रजीत म्हणाली, आता बास, नाहीतर तुला उचलून न्यावं लागेल.

ओयुना आणि तेस्फाये दोघंही तिच्याकडं बघत राहिले. मग तिघांची जी गप्पांची गाडी सुटली ती तासभर थांबली नाही. मंगलचं इंग्रजी अजून तसंच होतं, वाकडंतिकडं आणि धावतं. ती त्यांना सांगत होती की नवरा सोलापुरात गिरणीत होता, तो वारला. मुलाला घेऊन माहेरी आले. मुलगा आता पुण्यात कामाला आहे. शेत आणि मेंढरं मीच बघते. इंग्रजी कुठं शिकलीस, असं तेस्फायेनं विचारलं. ती म्हणाली, इथंच. एक नर्सबाई होत्या. इंग्रजी त्यांचीही भाषा नव्हती. त्यांचं एका जागी मोडायचं, माझं दुसऱ्या जागी. दोघींचं मिळून एक होत होतं.

"आणि सर?" तेस्फायेनं माझ्याकडं बोट केलं.

"सर आमचे इंग्रजीचे शिक्षक होते," ती म्हणाली. नर्सबाईंचं आणि हे, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेस्फायेनं उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, आज मला कळलं तुम्ही किती मोठे शिक्षक आहात. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असणार.

अण्णा खोपीच्या सावलीला बसून चातीवर लोकर कातत होते. फिरकीसारखी ती चाती मांडीवर फिरवायची आणि सोडायची, सूत आपसूक निघत जातं. ओयुना सरकत सरकत त्यांच्याजवळ गेली. घोंगडीची कड चिमटीत धरून बघितली. मंगल दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडं करत होती.

"मेंढरं हायती का हिच्याकडं?"

"हायती, अण्णा. साडेतीनशे."

"साडेतीनशे? मग ही पाटलीणच म्हणायची. आन् कुत्री किती?"

"दोन."

"साडेतीनशाला दोन कुत्री? तिकडं लांडगं न्हाईत व्हय?"

"लई हायती म्हणती."

"मग बापाला सांग म्हणावं, आनखी दोन पाळ. सांग तिला, ध्यानानं सांग."

ओयुनानं छातीला हात लावून कबूल केलं. मग ती सांगायला लागली, की तिचे वडीलही मेंढपाळ, पण त्यांनी तिला मेंढरांमागं जाऊ दिलं नाही, शिकायला पाठवलं. आणि अचानक, पण अगदी प्रेमानं तिनं विचारलं, की मंगल इतकी हुशार, तर अण्णांनी तिला पुढं का शिकवलं नाही?

मंगलनं प्रश्न मराठीत सांगितला. अण्णांनी चाती थांबवली.

"शिकवनारच हुतो की. पर मास्तरच म्हणलं, पोरगी बाहेरच्या लोकांत वावरती, वय वंगाळ हाय. म्हणून शाळंतनं नावच काढलं. मास्तरांचं उपकारच हायती बग, येळेवर सांगितलं. हितंच बसल्यात की ते, इचार म्हणावं."

त्यांच्या बोलण्यात कुठंही खोच नव्हती. ते खरोखर माझे आभार मानत होते.

मंगलनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग ती ओयुनाकडं वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "अण्णा म्हणतात, भूकंप झाला. शाळा पडली."

ओयुनानं तिला मिठी मारली. तेस्फायेनं मान हलवली. संजय जीपपाशी फोनवर मित्राला उशीर होतोय म्हणून सांगत होता. त्या शेतात दोन्ही भाषा समजणारी माणसं दोनच होती, मंगल आणि मी. मी खिरीचं ताट पुढं ओढलं आणि खात राहिलो.

निघताना ओयुना आणि मंगलनं एकमेकींचे नंबर घेतले. अण्णांनी ओयुनाला कातलेल्या लोकरीचा गुंडा दिला. मंगल जीपपर्यंत सोडायला आली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आज येळवस हाय सर. जेवून उठलाव, आनंदानं जावा."

परतल्यावर

फेब्रुवारीत दोघं आपापल्या देशी गेली. तेस्फायेचा अधूनमधून मेसेज येतो, पाऊस किती, पीक कसं. ओयुना मला कमी आणि मंगलला जास्त बोलते. त्या दोघी आवाजाचे मेसेज पाठवतात, आठवड्याला एकदा तरी. एकीच्या मेसेजमागं वारा ऐकू येतो, दुसरीच्या मागं मेंढरं.

त्या उन्हाळ्यात मी तो लेख लिहिला. येळवशीपर्यंत पोचलो आणि पेन अडलं. मग लिहिलं: 'भूकंपाने शाळा पडली आणि एका गुणी मुलीचे शिक्षण तिथेच थांबले.' अण्णांचं वाक्य गाळलं. स्वतःशी म्हटलं, मंगलनं जे सांगितलं तेच मी लिहितोय. माझ्या सहकाऱ्याचे डोळे भरून आले ते याच वाक्याला.

दिवाळीनंतर मंगलचा फोन आला. तिनं अंक मिळवून अण्णांना लेख वाचून दाखवला होता. लोकरीचं, कुत्र्यांचं ऐकून अण्णा खूष झाले. पण त्या वाक्याला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तरांनी असं का लिवलं? त्येंनीच तर मला सांगितलं हुतं. मग तवा सांगितलं ते खरं, का आता लिवलं ते?"

"काय सांगू सर त्यांना?" मंगलनं मला विचारलं. आवाज शांत होता. "तीस वरसं त्यांना वाटतंय मी कायतरी वंगाळ केलं हुतं. मी कधी बोलले न्हाय, कारण तुम्ही म्हणला म्हणजे त्यांच्यासाठी ते खरंच. आता तेच इचारायल्यात. आता तुम्ही सांगा."

मी येतो म्हटलं. येळवस गेली, संक्रांत गेली. थंडी फार आहे, गुडघा दुखतोय, रिझर्व्हेशन नाही, अशी कारणं मी मुलाला सांगत होतो, त्यानं न विचारता.

पुन्हा सास्तूर

शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीस एकटाच निघालो. लोहाऱ्याला संजयलाही कळवलं नाही. एसटीनं सास्तूरला उतरलो आणि अण्णांच्या घरी गेलो. ते ओट्यावर उन्हात बसले होते. डोळ्यांना कमी दिसतं आता, पण पावलं ओळखली.

"मास्तर व्हय? एकलंच? ती लोकरवाली पोर न्हाई आली?"

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी न बसता समोर खाली बसलो. ते अस्वस्थ झाले, वर बसा म्हणाले. मी बसलो नाही. मग सगळं सांगितलं. तंबूतलं, फळ्यावरचं, वर्ग हसला ते. आणि म्हणालो, "अण्णा, पोरीनं काही वाईट केलं नव्हतं. तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मला ते सोसलं नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटं बोललो."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिचा आवाज पार मिटेपर्यंत अण्णा थांबले. मला वाटलं आता शिवी देतील. ती मी घेतली असती.

"त्या दिशी घरी येऊन म्या तिला मारलं, मास्तर," ते म्हणाले. "मेंढरावर कधी उगारली न्हाय ती काठी. ती रडली न्हाय. अण्णा, म्या कायबी केलं न्हाय, एवढंच म्हणत हुती. म्या म्हणलं, मास्तर खोटं बोलत्यात व्हय?"

मी त्यांच्या पायाला हात लावायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता.

"माझ्या पाया पडून काय हुतंय? ती रानात हाय. उठा. जाऊ दोघंबी."

माझा हात धरून ते चालले. घरापासून शेत अर्धा मैल असेल. दोन म्हातारे, एकाला नीट दिसत नाही, दुसऱ्याचा गुडघा वाकत नाही. वाटेत तीन ठिकाणी थांबलो. एका ठिकाणी त्यांनी विचारलं की तिच्या बोलण्यात खरंच चुका होत्या का. मी म्हणालो, होत्या. "आन् तरीबी त्या बाईला कळलं?" म्हटलं, सगळं कळलं. ते मान हलवत पुढं निघाले.

ज्वारी काढून झाली होती. मंगल आडव्या पडलेल्या ताटांची कणसं मोडत बसली होती. आम्हाला बघून उठली.

"अण्णा? आवो, उन्हाचं कशाला आलाव? कुणी आणलं तुम्हाला?"

"मास्तरांना बोलायचंय," अण्णा म्हणाले. "त्येंचं झालं की मला."

मी बोललो. मग अण्णा बोलले. ते फार थोडं बोलले आणि मधेच त्यांना पुढचं येईना. मंगल खाली बघून हातातल्या कणसाचे दाणे नखानं सोलत होती. आमचं दोघांचं सांगून झाल्यावर तिनं अण्णांना हाताला धरून पेंढीवर बसवलं आणि डोक्यावरचा पटका नीट केला. नंतर म्हणाली, "तुमचंबी मला ठाऊक हुतं अण्णा, सरांचंबी ठाऊक हुतं. मला ठाऊक न्हाय असं तुम्ही दोघांनी कायच सांगितलं न्हाय."

मी विचारलं, मी आता काय करू?

"लिवा की. जसं झालं तसं. लोकांनी वाचलंय ते खोटंच वाचलंय." मग म्हणाली, "पर त्याच्या आधी एक माझंबी हाय. ओयुनाला त्या दिशी मी खोटं सांगितलं. तुमची लाज राखायला. ती मैत्रीण हाय माझी. घरातलं सगळं बोलतो आमी. तिच्या आईचं ऑपरेशन झालं ते तिनं आधी मला सांगितलं. आन् माझं एक तेवढं मधी तसंच पडून हाय. दरवेळी बोलताना आठवतंय."

तिनं पदराला हात पुसले आणि पोलक्यातून फोन काढला. बटण दाबून तोंडाशी धरला आणि तिच्या त्या वाकड्यातिकड्या, धावत्या इंग्रजीत बोलायला लागली. ओयुना, मी मंगल. तू आमच्या शेतात आली होतीस तेव्हा अण्णा एक बोलले आणि मी तुला दुसरं सांगितलं. शाळा पडली म्हणून मी शाळा सोडली नाही. आता सर इथं आहेत, अण्णा पण आहेत. का सोडली ते सर सांगतील.

आणि बटणावरचा अंगठा न काढता तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"बोला, सर."

मी बोलायला सुरुवात केली. दोनदा अडलो, एकदा तर पार थांबलोच. अण्णा माझ्या आवाजाच्या दिशेनं मान करून बसले होते. मंगलनं मला एकही शब्द पुरवला नाही, आणि अंगठाही उचलला नाही.